जाळी निघाल्याप्रीत्यर्थ

मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाला जगण्याचा अर्थ कळतो. मला कळलं ते एवढंच, की श्रावणात गुरुजी हवे असतील तर फार आधी सांगून ठेवावं लागतं.

मांडीच्या ऑपरेशननंतर माझ्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. रक्त पातळ करायची औषधं तेव्हा देता येईनात. गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची जाळी बसवली. पाय बरा झाल्यावर ती काढायची होती. राहिली तर तिच्यातच गुठळ्या साचायची भीती.

"मानेतून तार घालायची, जाळीच्या आकड्यात अडकवायची आणि ओढून घ्यायची," डॉक्टर म्हणाले. विहिरीतली बादली काढावी तसं. आगाशीच्या माझ्या थोरल्या बहिणीला ते इतकं सोपं वाटलं, की तिने लगेच गुरुजींना गाठून, जाळी काढायच्या गुरुवारनंतरच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण ठरवला. चंदनसारला आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'जाळी यशस्वीरीत्या निघाल्याप्रीत्यर्थ.'

गुरुवारी जाळी निघाली नाही. ती आत कलंडली होती. आकडा शिरेच्या भिंतीत रुतला होता आणि वर पापुद्रा धरला होता. बराच वेळ तार फिरवून डॉक्टरांनी हात टेकले. पुढच्या महिन्यात चिमट्याने सोडवून बघू, म्हणाले. शीर फाटू शकते, सर्जनला तयार ठेवू.

"ताई, पूजा पुढे ढकल."

"गप रे. तारखा डॉक्टरांच्या बदलतात, देवाच्या नाहीत. श्रावणात गुरुजी पुन्हा मिळायचे नाहीत. रवा भाजून झालाय."

"लोकांना काय सांगू?"

"लोक प्रसादाला येतात. तुझ्या पोटात डोकवायला नाही."

रविवारी मी बायकोसोबत पाटावर बसलो. गुरुजींनी संकल्पात जाळीचा उल्लेख ठणठणीत आवाजात केला. सेक्रेटरींनी विज्ञान आणि श्रद्धेच्या संगमावर भाषण केलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हलकं वाटत असेल ना आता?"

"हो, वाटतंय," मी म्हणालो.

तळमजल्यावरच्या आजींनी माझ्यासाठी सोमवार धरले होते. त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला आणि डोळे पुसले. मान खाली घालायला निमित्त हवं म्हणून मी त्यांच्या पाया पडलो.

पुढच्या महिन्यात टेबलावर झोपलो तेव्हा भीतीपेक्षा लाज जास्त होती. आता मेलो, तर घरचे सोसायटीला कशाने मेलो म्हणून सांगणार? डॉक्टर चिमट्याने पापुद्रा कणाकणाने सोडवत होते. शेवटी जाळी सुटली. त्यांनी ती वाटीत ठेवून दाखवली: बाहुलीच्या मोडक्या छत्रीच्या काड्या. मी रडलो. पण ही बातमी सांगायची कुणाला? आमच्याकडे ती महिन्यापूर्वीच साजरी झाली होती.

घरी आलो. सेक्रेटरी जिन्यातच भेटले.

"मानेला काय झालं, सर?"

"दाढी करताना कापलं."

त्यांनी त्यांचा न्हावी सुचवला. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं, हेही आवर्जून सांगितलं.