दाजींनी भाव केला नाही

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूचा भाव केला नाही. दुकानदार म्हणेल ती किंमत द्यायची आणि वर "बरं झालं, मिळालं" म्हणायचं. एकदा गुलमंडीच्या बाजारात मी एका छत्रीवाल्याला घासून घासून निम्म्यावर आणलं होतं. तेवढ्यात हे मागून आले आणि त्याला म्हणाले, "तुम्हाला परवडतंय ना?" त्याला परवडत नव्हतं. असं विचारल्यावर कुणाला परवडतं? छत्री पुऱ्या भावाला पडली. दुसरा कुणी असता तर त्याच छत्रीनं हाणला असता. पण थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याकडे दाजीपुढं आवाज चढवत नाहीत. मी दात खाल्ले आणि त्यांना चहा पाजला.

मी जुन्या यंत्रांचा व्यापारी. पडेगावला गोदाम आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतली यंत्रं घ्यायची, नीट करायची, विकायची. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण घासाघिशीत झालं. हवं त्याच्या दुप्पट मागायचं आणि समोरचा हलेना तर पाठ फिरवून चालू लागायचं, मागून हाक येतेच. एवढ्या विद्येवर मी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. यंत्रांच्याच एका लिलावाला तुर्कस्तानात गेलो होतो. तिथल्या एका लहानशा बंदरात शिडाची बोट अशा भावात मिळत होती, की न घेणं पाप वाटलं. समुद्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथल्या माणसानं पाण्यावर घर घेतलं. बायको म्हणाली, "तुम्ही राहा तिथं खुशाल. बुडालात की कळवा." मग आक्कानं, माझ्या बहिणीनं, सोबतीला दाजींना धाडलं.

दाजी सोयगावचे. कापसाची शेती पोराच्या हाती देऊन मोकळे झालेले. पोहता येत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी तरंगायचं नारिंगी जाकीट अंगात चढवलं, ते झोपतानाच काढायचे. भाकरी थापताना जाकीट, बाजारात जाकीट. मी म्हणालो, "दाजी, बाजार जमिनीवर आहे." ते म्हणाले, "व्हय. पण परत इथंच यायचंय ना, मेव्हणं." ज्वारीचं पीठ आम्ही घरूनच नेलं होतं. शेजारच्या बोटीवर एक जर्मन म्हातारा एकटाच राहायचा, त्याला ते रोज एक भाकरी देत. पिठाचा डबा खाली चालला म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणाले, "त्यो रोज इकडंच बघत बसतो. आपल्याला घास कसा उतरायचा?"

सकाळी उठले की बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी बोटीच्या लाकडावर थाप मारत आणि "उठली का गं" म्हणत. संध्याकाळी आक्काला फोन. आज वारा कुठून होता, बोट किती डुलली, कुणाच्या शिडाला ठिगळ लावलं. सोयगावात बसून आक्काला ते बंदर माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. बोट माझी, पण तिच्याशी बोलणं यांचं.

थंडीच्या तोंडावर आमची डोलकाठी बुडाशी कुजलेली निघाली. बोट स्वस्तात का मिळाली ते तेव्हा कळलं. डोलकाठी काढून किनाऱ्यावर दुरुस्तीला टाकली. बोट जागची हलू शकत नव्हती आणि आमचा राहण्याचा परवाना संपत आला होता. बंदराचा कायदा असा, की बोटीवर परवान्याचा एक तरी माणूस हवा, नाहीतर सरकार बोटीला सील ठोकणार. मालक असो की सोबती, प्रत्येकाचा अर्ज वेगळा. आम्ही दोघं कचेरीत गेलो. दाजी जाकिटातच होते.

अर्जावर घराचा पत्ता, गल्ली आणि मजला विचारला होता. त्यावरून मी आधीच तापलो होतो. खिडकीतल्या बाईंनी मोबाइल पुढं केला. त्या तुर्की बोलत, मोबाइल हिंदी बोले. किती दिवस राहायचं, असं त्यांनी विचारलं. मला हवे होते सहा महिने. मी म्हणालो, एक वर्ष.

"डोलकाठीला एक वर्ष का लागतं?" बाईंनी विचारलं.

"बरं, दहा महिने करा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का दहा?"

"तुमचंही राहू दे, माझंही राहू दे. आठ."

दाजी कानाशी लागले. "मेव्हणं, त्या भाव करीत नाहीत हो. त्या विचारतायत."

"तुम्ही गप बसा जरा," असं जिभेवर आलेलं मी गिळलं. कागद गोळा केले, पाठ फिरवली आणि चालू लागलो. दारापर्यंत गेलो. हाक नाही. पायऱ्या उतरून अंगणात उभा राहिलो, उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. हाक नाही. परत आत गेलो तेव्हा मी अर्ज मागे घेतला, असं बाईंनी नोंदवून टाकलं होतं. नवा अर्ज आता मायदेशातूनच करायचा. मी इतका ओरडलो, की मोबाइलनं माझं भाषांतर करणं सोडून दिलं.

मग दाजींचा नंबर आला. किती दिवस? दाजी म्हणाले, "डोलकाठी बसूस्तोवर. मग घरी जायचं, मंडळी वाट बघतीय." बाईंनी सुताराला फोन लावला, वर सवडीचे थोडे दिवस धरले आणि शिक्का मारला. अशा रीतीनं बोटीचा मालक देशाबाहेर आणि पोहता न येणारा सोयगावचा शेतकरी बोटीवर, असा निकाल लागला. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. पडावंच लागतं. "काळजी नका करू," ते म्हणाले, "मी हाय तिच्यापाशी."

हिवाळाभर मी पडेगावात नव्या परवान्याची वाट बघत धुमसत होतो. एक दिवस त्यांचा फोन आला. "डोलकाठी बसली, मेव्हणं. लई देखणी दिसतीय. मी निघतो आता."

"निघतो? तुमच्या परवान्याचे दिवस आहेत अजून. मी येईपर्यंत थांबा की."

"डोलकाठी बसूस्तोवर म्हणलो होतो ना बाईला."

"तिला काय कळणार आहे?"

"मला कळंल की."

किल्ल्या बाईंच्या हातात देऊन ते आले. बोटीला सील लागलं. शब्द दिला खिडकीतल्या एका अनोळखी बाईला आणि बोट गेली माझी. यावर मला त्यांच्याशी मनसोक्त भांडायचं होतं. सोयगावात आक्कासमोर ते जमणार नव्हतं. म्हणून ठरवलं, परवाना आला की यांना पुन्हा घेऊन जायचं, सील काढवून बोट भर समुद्रात न्यायची आणि जिथं कुणी नातेवाईक ऐकायला नाही तिथं एकदा पोटभर ओरडून घ्यायचं. वाक्यंसुद्धा तयार होती. परवाना यायच्या आत दाजी गेले. सकाळी शेतात जाऊन आले, ओट्यावर बसले आणि बसल्याजागी गेले. भांडण राहिलं ते राहिलंच.

दाजींचे दिवस झाल्यावर आक्का मला म्हणाली, "ती बोट मला एकदा बघायचीय. हे रोज सांगायचे. आता संध्याकाळी फोन वाजत नाही, तर त्या गावाचं काही कळतच नाही."

जुना अर्ज मी रद्द केला आणि दोघांचा नवा केला. मुंबईतल्या तुर्की कचेरीत खिडकीपलीकडच्या पोरानं विचारलं, कशासाठी जायचंय आणि किती दिवस. दुप्पट आकडा सवयीनं तोंडात आला होता. शेजारी आक्का पर्स छातीशी धरून उभी होती.

मी म्हणालो, "बहिणीला तिच्या नवऱ्याचं घर दाखवायचंय. तिचं बघून होईल तेवढे दिवस."