एकशे चाळीस वेढे

तलावाचं पाणी सोडायच्या दरवाजावर त्याने एकतीस वर्षं काढली. भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेला पाणी टेकलेलं असायचं; ना बोटभर वर, ना बोटभर खाली. म्हणून सगळे त्याला इंचमामा म्हणत. काठाचा चिखल उघडा पडला, की भरल्या घरात सदरा फाटल्यासारखं त्याला व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. नवा दरवाजावाला सुशेगाद, निवांत गडी. यंदाही पावसाळा सरत आला तरी पाणी रेघेच्या हातभर खाली.

त्याची धाकटी बहीण, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, दोन वर्षांपासून तलावाकाठी दुर्बीण घेऊन बसू लागली होती. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले पक्षी तिथे एकदोन दिवस टेकत. मागच्या वर्षी एका चिखल्याच्या पायात तिला निळी कडी दिसली. तिच्यावरचे दोन आकडे वाचून झाले. तिसऱ्याआधी पक्षी उडाला. यंदा तोच काल परत आला, पण उन्हाची तिरीप आडवी आली. आता उद्याची सकाळ तेवढी हातात होती. आकडा वाचायला आणखी दोघी पाहुण्या येणार होत्या.

"पाखराच्या पायाचा नंबर वाचतेस," इंचमामा म्हणाला, "माझ्या चपलेचा ठाऊक नाही तुला."

पण पाहुण्या येणार, आणि तलाव असा उघडावाघडा? तो दुपारीच दरवाजावर गेला. नवा म्हणाला, काय घाई आहे, भरेल की. इंचमामाने त्याला बाजूला सारलं आणि तलावात पाणी आणणाऱ्या वरच्या कालव्याचं चाक एकट्याने फिरवलं. एकशे चाळीस वेढे. खांदा सुजला.

सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून काठावर आला. पाणी रेघेला टेकलं होतं. तिघी दुर्बिणी खाली करून उभ्या होत्या. एकही पक्षी नव्हता.

"कोणी भरला?" बहिणीने विचारलं.

"मी. एकट्याने."

ती ओरडली नाही. "दादा, त्या पाखराचं नाव काय?"

"चिखल्या," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"चिखलातले किडे खाऊन पुढचा पल्ला गाठतो तो. एवढ्या पाण्यात उभा कुठे राहील?"

रेघेकडे बघत त्याने विचारलं, "मग माझ्या वेळी?"

"तुझ्या वेळी एकही उतरत नसे. मला वाटायचं, ही जागा त्यांना आत्ताच सापडली."

एकतीस वर्षं. ती रेघ त्याने दर वर्षी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

मग तो पाणी सोडायच्या चाकाशी गेला. आजवर पातळी त्याने कोणाला विचारली नव्हती.

"किती खाली हवं, सांग."

"हातभर," ती म्हणाली.

तो सुजल्या खांद्याने चाक फिरवू लागला. तलाव भरायला एक रात्र पुरते, उतरायला चार दिवस लागतात, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.