खड्यांचं ऑपरेशन

माझ्या पोटावर बारीक बारीक वण आहेत. ते वजन कमी करायच्या ऑपरेशनचे. सासरी मात्र ते पित्ताच्या खड्यांचे म्हणून नांदायला आले, कारण आईने तसं ठरवलं होतं. दर्यापूरला आमच्या आळीत मला 'टँकर' म्हणत, आणि ते माझ्यापेक्षा आईला जास्त झोंबायचं. अमरावतीला ऑपरेशन झालं, मी वाळले, आणि आईने लगेच बायोडाटा छापायला टाकला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटातला रस्ता बदललाय, अन्नातलं लोह आता अंगाला नीट लागणार नाही. आज जाणवणार नाही, पण वर्षं जातील तसं रक्त कमी होत जाईल. म्हणून लोहाची गोळी जन्मभर, आणि दर वर्षी रक्ताची तपासणी. आईने नंदीबैलासारखी मान डोलावली.

लग्न अकोटला ठरलं. बॅग भरताना आईने गोळ्यांची पाकिटं बाहेर काढून ठेवली.

"खडे निघाले म्हणल्यावर जन्मभर गोळ्या कायच्या? इचारतीन न ते लोक. हुशार हाय तुई सासू."

तिचं खोटं, आणि निभवायला माझं अंग. गावातला मेडिकलवाला सासऱ्यांसोबत रोज चहा प्यायचा, त्याच्याकडे गोळ्या मागणं म्हणजे दवंडी पिटणंच होतं.

पहिली काही वर्षं बरी गेली. सासरी फुलशेती. शेवंती, झेंडू, गलांडा. मी ओसरीत बसून हार ओवायची. मग हळूहळू उतरत गेले. जिना चढले की छातीत धडधड, केस पुंजक्यांनी हातात. लोकांना मात्र आनंद. "अकोटच्या पाण्यानं गोरी झाली पोरगी!" आमच्याकडे पांढरीफटक बाई गोरी ठरते, त्या हिशेबाने मेलेली सगळ्यात गोरी. आईला फोन केला, गोळ्या पाठव.

"थकवा सगळ्यायलेच येते," ती म्हणाली. "आता कुठं बारीक दिसून राहिली. गोळ्यायनं अंग सुटते."

मग मला मातीची भूक लागली. चुलीला पोतेरं द्यायला आणलेल्या पांढऱ्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. चोरून खात होते, सासूने पकडलं.

"काहून वं, माती खाऊन राहिली? दिवस गेले काय तुले?"

माती खाणाऱ्या बाईला डोहाळेच लागले असणार, दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. त्यात पाळीही चुकली होती. खरं सांगावं तर ते खड्यांचं खोटं आडवं येत होतं. मी गप्प राहिले, ते लाजणं ठरलं. घरी केलेल्या तपासणीत काही निघालं नाही, तर सासू म्हणाली, "त्या पट्टीले काय समजते!" ती स्वतः तव्यावर माती भाजून मला वाटीत देऊ लागली. इतक्या मायेने मला कुणी मारत आणलं नव्हतं. शेजारणी येऊन मुलगाच होणार म्हणून सांगून जायच्या.

एका सकाळी झेंडू तोडताना मी सरीतच कोसळले. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, पोट पाहिलं.

"बाळ नाही. अंगात रक्तच उरलेलं नाही. आणि हे खड्यांचं नाही, वजनाचं ऑपरेशन आहे ना? गोळ्या कधी सोडल्या?"

मी खरं ते सांगितलं. मातीमुळे उरलंसुरलं लोहही अंगी लागलं नाही, हे बाईंनी सासूला समजेल असं सांगितलं. सासूने हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल.

"म्हणजे तू जाडी होती?" ती म्हणाली.

दाराशी उभा असलेला नवरा बाहेर निघून गेला.

दुपारी आई आली. माझ्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. माझ्याकडे न पाहता तिने विहिणीचे हात धरले. "डॉक्टर काईही सांगतेत. खड्याचंच होतं. इचारा तिले." मग माझ्याकडे वळली. "सांग न वं."

तिच्या उघड्या पर्समधून माझ्या गोळ्यांचं पाकीट दिसत होतं. म्हणजे मला काय झालंय आणि कशाने, ते तिला सगळं ठाऊक होतं. सकाळचं बोलणं फिरवून हो म्हटलं असतं तर नांदायला मिळालं असतं, पण गोळ्यांशिवाय, म्हणजे थोडेच दिवस. मला आईचा इतका राग आला की अशक्तपणाने भरलेली हुडहुडी थांबली.

"नाही," मी म्हणाले. "वजनाचं होतं. तुह्या पर्समधल्या माह्या गोळ्या दे."

आईने आधी विहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पर्सची चेन लावून घेतली.