न फोडलेली सुपारी

माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्यात कॅन्सरची गाठ निघाली होती. मुंबईला डोळा काढला, त्या जागी काचेचा बसवला आणि पोरगी वाचली. तेव्हापासून शाळा सुटली की मी बुलढाण्याच्या दवाखान्यात जाऊन बसू लागलो. आजाराचं नाव ऐकून गळाठलेल्या आईबापांना धीर द्यायचा, डॉक्टरांचं म्हणणं उलगडून सांगायचं, मुंबईची गाडी नांदुऱ्याला कशी धरायची ते समजवायचं. मास्तरकीनं जीभ सैल झालेलीच होती. कोणी अडून बसलं की डॉक्टर म्हणायचे, गुरुजींना बोलवा. आणि गुरुजी फुगायचे.

एकदा जानेफळकडचा एक शेतकरी बायको आणि लहान मुलीला घेऊन आला. मुलीला माझ्या मुलीचाच आजार. डोळा काढला नाही तर पोरगी हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाप ऐकेना. मग मी हुकमी एक्का काढला. माझी मुलगी घरून आणून त्याच्यापुढे उभी केली.

"पाहा. शाळेत जाते, फुगडी खेळते. काय कमी आहे हिच्यात?"

"अन् लगन? एका डोळ्याची पोरगी कोन करीन?"

"कोणीही करील. दिवस बदलले आता."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, तुमाले पोरगा हाय?"

"आहे. हिच्याहून लहान."

आडनावावरून मी त्याच्याच जातीचा, हे त्यानं आधीच ताडलं होतं. चंचीतून सुपारी काढून त्यानं माझ्यापुढे धरली. "मंग फोडा. माही पोरगी तुमच्या पोराले देली. आजच मुंबईले नेतो."

आमच्याकडे सुपारी फोडली की सोयरीक पक्की, मग माघार नाही. माझा हात पुढे झाला नाही. घरी विचारावं लागेल, पोरगा अजून लहान आहे, असं काहीबाही मी पुटपुटलो.

त्यानं सुपारी परत चंचीत टाकली. "राहू द्या गुरुजी. समजलं." लेकराला उचलून तो निघाला.

त्याची बायको मात्र जागची हलली नाही. एवढा वेळ तिनं माझं काही ऐकलंच नव्हतं, ती माझ्या मुलीकडे पाहत होती. "कोनी नाई केली तं माह्यापाशी राहीन," ती नवऱ्याला म्हणाली. "पन जिती तं राहीन. मी चालली मुंबईले. तुमी या, नाई तं नका येऊ."

तो दारातच थांबला, आणि थोड्या वेळानं खाली बसला. डॉक्टरांना वाटलं, गुरुजींनी पुन्हा बाजी मारली. त्यांनी माझी पाठ थोपटली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेहमी माझी मुलगी मला तिच्या उजव्या हाताला, चांगल्या डोळ्याच्या बाजूला ठेवून चालायची. त्या दिवशी फाटकातून निघताना ती माझ्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला आली. घर येईपर्यंत तिचा काचेचा डोळा तेवढा माझ्याकडे होता.