होडीचं नवं मॉडेल

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी यजमानांचं लांब फिरणं बंद केलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होडी शिरली. ते मालवणकडच्या खाडीकाठी वाढलेले. नोकरीसाठी म्हैसूरला आले, मेटगळ्ळीच्या कारखान्यात रुजले आणि वल्हं सुटलं ते सुटलंच. मी इथलीच. मला पोहता येत नाही, पण त्यांचं तोंड बघवेना. म्हटलं, घ्या एकदाची.

बंगळूरच्या दुकानात गाडीच्या टपावर मावेल अशी प्लॅस्टिकची होडी होती. यांना बघताक्षणी आवडली. पण दुकानदार म्हणाला, "सर, याचंच नवं मॉडेल येतंय. यात अगदी तळाशी बसावं लागतं. नव्यात सीट खुर्चीसारखी उंच आहे, गुडघ्याला बरं."

झालं! ते मॉडेल उगादीला येणार होतं, मग पावसाळ्याआधी, मग दसऱ्याला. रोज चहाच्या वेळी तेच दळण. मी थांबा म्हटलं, की हे म्हणणार, "तोवर जुनं संपलं तर?" बरं, जुनंच घ्या म्हटलं, की "मग गुडघ्याचं काय?"

"अय्यो, काहीतरी एक ठरवा हो! सुम्ने, उगाच माझं डोकं खाऊ नका."

दसराही गेला. शेवटी मीच दुकानात फोन केला आणि जुन्या मॉडेलची होडी एका रविवारसाठी मागून घेतली. कृष्णराजनगरजवळ माझ्या चुलत भावाची, अण्णाची, भाताची शेती आहे. शेताखालीच कावेरी, तिथे पाणी उथळ आणि संथ.

अण्णाने धरून यांना होडीत बसवलं. यांनी वल्ह्याचे दोन हात मारले आणि होडी सरळ निघाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना पाण्यावर मी पहिल्यांदाच बघत होते. ऑपरेशननंतर आखडलेले खांदे सैल झाले होते. वळणापर्यंत जाऊन प्रवाहाविरुद्ध परत आले, तरी धाप नाही.

"अग, हे तर मासाच की!" अण्णा म्हणाला.

मग उतरायची वेळ आली. गुडघा वाकेना. दोन्ही कडांवर हात रेटून उठायला गेले, तर होडीच कलली. मी हात पुढे केला. "तू बाजूला हो!" म्हणून ओरडले. पुन्हा धडपडले, पुन्हा बसले. अखेर अण्णाने होडी एका बाजूला कलती केली आणि हे गुडघाभर पाण्यात आडवे पडले.

परतताना गाडीत म्हणाले, "बघितलंस? उंच सीटच पाहिजे. थांबूया."

माझं डोकंच फिरलं. "अजून किती थांबायचं? पाण्यात पडलात, बुडालात तर नाही ना?"

"लोकांसमोर पडलो."

"कुठले लोक? तिथे मी आणि अण्णा, दोघंच तर होतो."

"तू होतीस ना," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तरी माझा राग गेला नाही. इतके महिने मी सीटवरून भांडत होते आणि हे सीटबद्दल बोलतच नव्हते. आधी सांगायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी मीच दुकानात फोन करून नव्या मॉडेलचं विचारलं. ते आणखी लांबलं होतं, शिवाय जड होतं. आम्हा दोघांना ते टपावर चढवता आलं नसतं. फोन ठेवला आणि यांना सांगितलं, "जुनंच घेतेय. उतरताना मी बघणार नाही."

होडी आता अण्णाच्या शेडमध्ये असते. रविवारी हे काठाला लागले, की मी भाताकडे तोंड करून उभी राहते. मागे अण्णाचा "हं, आता!" ऐकू येतो, पाणी उडतं आणि हे मालवणीत दोन शिव्या घालतात. टॉवेल मागितला, की मगच मी वळते.