माझेच पाहुणे समजा

माणसं गोळा करणं हे माझं काम. चांगल्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे, ते ओळखपत्रावर छापलेलंही आहे. पण संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारतो, "काय, आज कुणी गळाला लागलं का?" आणि खरं सांगायचं तर ते तसंच आहे. आमची संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा जेवणाचा डबा पोचवते, रविवार सोडून रोज. हा डबा घेणाऱ्यांच्या घरात बाकीच्या वेळेला काय शिजतं, शिजतं की नाही, याचा अभ्यास करायला पुण्याहून एक मुलगी आली होती. प्रश्न तिने विचारायचे. तिच्यापुढे बसून उत्तरं द्यायला तयार होतील अशी माणसं मी शोधून आणायची.

ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा करून बघा. पाली गावात गेले तर एका म्हातारीने मला पायरीसुद्धा चढू दिली नाही. "माझ्या चुलीवर काय हाय नि काय न्हाय, ते तुला कशाला?" म्हणाली आणि दार लोटून घेतलं. आमच्या भाईंदर पश्चिमेला तर वेगळीच तऱ्हा. रेशन दुकानात अंगठे लावून लावून लोक इतके कावलेत, की गळ्यात ओळखपत्र लटकवलेली बाई दिसली की आधी हात पदराखाली जातात. "मॅडम, केवायसी का है क्या? मैं अंगूठा नहीं देगी." अहो, कोण मागतंय तुमचा अंगठा? पण पटवणार कसं? मी उन्हातान्हात फिरायचे आणि ऑफिसमधून फोन यायचा, ताई, कुठपर्यंत आलं? माझं डोकं फिरायचं. मी एका जागी बसणारी बाई नाही, त्यातून हे कामही बसू न देणारं.

त्यात मला एक गोष्ट माहीत होती, जी मी कुणाला सांगायची नव्हती. या अभ्यासावरच ठरणार होतं की पुढच्या वर्षी डबे आमच्या भागात चालू ठेवायचे की जिथे जास्त गरज आहे तिथे हलवायचे. पण हे डबा घेणाऱ्यांना सांगायला सक्त मनाई. सांगितलं तर लोक डब्यासाठी रडगाणं गातील आणि अभ्यास खोटा पडेल, असं ऑफिसचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण रोज त्यांच्याच दारात जायचं आणि हे पोटात ठेवायचं, याचा मला फार त्रास व्हायचा.

शेवटी मला एक युक्ती सापडली. ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि दारात उभी राहून म्हणायला लागले, "काकी, एक पुण्याची मुलगी आहे, चांगल्या घरची. जरा बोलायला घेऊन येते. माझेच पाहुणे समजा." झालं! पाहुण्यांना कोण नाही म्हणतं? जी बाई सर्व्हेचं नाव काढलं की कडी लावायची, ती विचारायला लागली, "मग कधी येताय? सकाळी या, निवांत बसता येईल." ऑफिसात माझं कौतुक झालं. बेव्हर्ली पार्कमधल्या ऑफिसच्या थंडगार खोलीत मला उभं करून सगळ्यांना सांगितलं, यांच्याकडून शिका. मीही फुगले, खोटं कशाला बोलू?

आता त्यांतल्या एका काकींबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. मार्केटच्या मागच्या चाळीत राहतात. मूळच्या रायगडच्या, मी रत्नागिरीची, त्यामुळे पहिल्यापासून गो-गं चालायचं. काका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. ते गेले, मुलगी गुजरातेत दिलेली, आणि काकींच्या डोळ्यांनी दगा दिल्यावर पॅकिंगचं कामही सुटलं. राहिली ती खोली आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने लावलेले स्टीलचे डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत, रोज पुसून लख्ख. एकदा मी वरच्या फळीवरचं घड्याळ काढून द्यायला गेले आणि हात लागून एक डबा खाली आला. नुसताच ठणठणला. काकी म्हणाल्या, "ठेव गो, ठेव," आणि मी तो परत ओळीत ठेवला.

चाळीवरून मी गेले आणि काकींनी हाक मारली नाही असं कधी झालं नाही. "काय गो, दारावरून जातेस? चहा घेऊन जा." मी घाईत असायचे, मी कायमच घाईत असते, पण तो चहा घ्यायचेच. रविवारी मात्र त्या चहा फक्त मला द्यायच्या. त्यांचा उपास असायचा. सूर्यनारायणाचा असणार, असं मी धरून चालले होते. घरी सासूबाईंना सांगायचेसुद्धा, बघा, या वयात काय श्रद्धा आहे.

तर पुण्याच्या मुलीला घेऊन मी काकींकडे गेले. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थबकले. शेजारणीकडच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. समोरच्या घरातल्या कपबशा, मी त्या फुलाफुलांच्या कपबशा बरोबर ओळखते. बशीत केळं घातलेला शिरा, वर तूप. फरसाणसुद्धा. काकी इस्त्रीच्या साडीत. म्हणाल्या, "या, बसा. हिचे पाहुणे म्हणजे आमचेच."

मुलगी गोड होती. तिने शिरा खाल्ला, छान झालाय म्हणाली आणि प्रश्न सुरू केले. माणूस बोलत असताना मी मध्ये तोंड उघडायचं नाही, हा नियम. मी बसले.

"आजी, घरात धान्य संपलंय असं कधी होतं का?"

"छे गो बाई. देवाच्या दयेने सगळं आहे." आणि काकींनी फळीकडे हात केला. मुलीने त्या चकचकीत डब्यांकडे बघितलं आणि लिहिलं.

"रात्री जेवता?"

"जेवते की. नाही तर झोप कशी लागेल?"

"दिवसभर काहीच खाल्लं नाही, असा एखादा दिवस जातो का?"

"रविवारचा उपास असतो माझा. बाकी काही नाही."

मुलीने लिहिलं, धार्मिक उपवास. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते, उघडत होते. अहो काकी, काय बोलताय! तुमचाच डबा जाईल ना! माझ्या घशापर्यंत आलं होतं. मुलीने एकदा माझ्या चेनकडे बघितलं तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसले. निघताना काकी माझ्या कानात म्हणाल्या, "बरं झालं ना गो सगळं?" त्यांचा चेहरा इतका खूश होता की मी मान हलवली.

रिक्षात बसल्या बसल्या मी मुलीवर घसरले. "ते डबे रिकामे आहेत. खुर्च्या मागून आणलेल्या. शिरा कुणाच्या रव्याचा आहे देव जाणे. लिहा हे!"

ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या सांगण्यावर मी कसं लिहू? त्यांनी स्वतः सांगायला हवं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि एक विचारू? बाकी ठिकाणी लोक मोकळं बोलतात. तुम्ही आणलेल्या बायका मात्र सगळ्या खाऊनपिऊन सुखी आहेत. प्रत्येकीने मला काही ना काही खायला घातलंय."

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रात्री नवरा झोपला तरी मी आपली कूस बदलतेय. बाईच्या घरी पाहुणे पाठवायचे आणि वर तिने म्हणावं की माझ्या घरात खायला नाही? कुठली बाई म्हणेल? माझी आई म्हणाली असती? मी म्हणाले असते?

सकाळी उठले ती तडक काकींकडे. रागातच गेले, आणि राग त्यांच्यावर होता की माझ्यावर, ते मलाच कळत नव्हतं.

"काकी, काय केलंत हे? सगळं आहे म्हणून सांगितलंत?"

"मग काय सांगणार? तू घेऊन आलीस त्यांना. नाही नाही ते सांगून तुझं नाक कापू?"

"माझ्या नाकाचं मी बघीन! खरं सांगायचं होतं."

"हे बघ," काकी म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला. "माझ्या घरात बसलेल्या माणसाला मी 'नाही' हा शब्द म्हणत नाही. आजवर म्हटला नाही. आता काय म्हणू? जमायचं नाही गो मला."

डब्याचं सांगून टाकावं असं जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य, आणि काम झालं असतं. पण मनाई होती. आणि मनाई नसती तरी डब्यासाठी बोला असं त्या बाईला मला सांगता आलं नसतं. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"मग माझ्या घरी येऊन म्हणा. तिथे तुम्ही पाहुण्या. ती मुलगीही तिथेच येईल. वाटलं तर सांगा, नाहीतर जेवून जा."

काकी बराच वेळ साडीची निरी नीट करत राहिल्या. "बघू," म्हणाल्या.

मुलीला मी माझी पाहुण्यांची युक्ती सांगून टाकली, तशी ती पुन्हा विचारायला तयार झाली. बाकीच्या बायकांना तिने विचारलं ते समाजमंदिराच्या व्हरांड्यात. तिथे चूल कुणाचीच नाही, त्यामुळे भराभरा बोलल्या. काकींना मात्र चारचौघींत यायचं नव्हतं. त्या रविवारी माझ्या घरी आल्या, त्याच इस्त्रीच्या साडीत. मी मुद्दाम वरण-भात, बटाट्याची भाजी असं साधंच केलं होतं. मग उपासाची आठवण होऊन जीभ चावली. "अगं बाई, काकी, साबुदाणा भिजवायचा राहिला!"

"वाढ ते वाढ," काकी म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. पोटभर जेवल्या. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. एवढ्या वर्षांत त्यांना काही मागताना मी पहिल्यांदा बघत होते. मुलीने वही उघडली नव्हती अजून, तर काकीच म्हणाल्या, "तो उपासाचा प्रश्न परत विचार."

तिने विचारला.

"रविवारी डबा येत नाही. म्हणून उपास. देवाचा नाही हो, लोकांना सांगायला. दुपारच्या डब्यातली चपाती ठेवते, ती रात्रीला होते. भाजी उरली तर उरली. रविवारी पाणी पिते आणि पडून राहते."

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. किती रविवारी मी त्यांच्याकडे बसून चहा पिऊन आले होते, आणि त्यातली साखर! मला तिथेच भांडी आपटावीशी वाटली. काकी जाताना मुलीला म्हणाल्या, "हे मी हिच्या घरात बोलले. माझ्या घरात नाही."

डबे राहिले. अभ्यासाचं काय काय निघालं ते मला सगळं कळत नाही, पण आमच्या भागातले डबे हलले नाहीत, उलट रविवारचाही सुरू झाला. ऑफिसात पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

कारण काकींनी मला हाक मारणं सोडलं होतं. चाळीवरून जायचे तर दार उघडं असायचं, आतून डबा उघडल्याचा आवाज यायचा, पण "काय गो" नाही. एकदा मी मुद्दाम दारातच थांबले तर "बरी आहेस ना?" म्हणाल्या आणि कामात असल्यासारखं केलं. पुढे काही नाही. आता मला माहीत होतं ना त्यांच्या घरात काय आहे नि काय नाही. चहाला कुठल्या तोंडाने बोलावणार होत्या? दुपारी जेवताना, रात्री कपडे घड्या करताना, सारखं तेच डोक्यात. त्यांच्या पोटाचं झालं, पण मी त्यांच्याकडून काय घेऊन आले? घरी सगळ्यांवर चिडचिड करायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "तुला झालंय तरी काय?"

चहापत्ती-साखर घेऊन जावं असं दुकानात उभी असताना मनात आलं. पुडी हातात घेतली आणि परत ठेवली. तसं केलं असतं तर कायमचंच संपलं असतं.

मग एका संध्याकाळी रिकाम्या हातांनी गेले. सरळ आत शिरले आणि खाली फतकल मारून बसले.

"काकी, सकाळपासून पायपीट चाललीये. चहा करा."

त्या फळीजवळ उभ्या होत्या, हातात डबे पुसायचं फडकं. माझ्याकडे बघितलं नाही. फडकं तसंच फिरवत राहिल्या. मीही हलले नाही.

"साखर नाहीये," काकी म्हणाल्या.

स्वतःच्या घरात. मला.

"मग बिनसाखरेचा करा," मी म्हटलं. "पण गरम द्या."

त्यांनी स्टोव्ह पेटवला. त्यांच्याच जुन्या स्टीलच्या पेल्यात चहा आला, कडू ढाण. मी तो फुंकत फुंकत सगळा प्यायले. काकी समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या, आता माझ्याकडेच बघत.

"अजून घेशील गो?"

"घेते की," मी म्हटलं आणि पेला पुढे केला.