परत आलेली रिकामी वाटी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आमच्या ह्यांच्याजवळसुद्धा नाही. तुमच्यापाशी — बघते जमतंय का.

ह्यांच्या कंपनीने ह्यांना दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं. मीही सोबत गेले. त्र्याऐंशीत मुलुंडला परतले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मला कोण भाव! दुपारी कामं आटोपली की बायका जमायच्या — सांग ना गं, तिकडे कसं असतं? आणि मी सांगायचे. रविवारी कपडे वाळत घातले तर शेजारी रागावतात. कुणाकडे जायचं तर आधी विचारावं लागतं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला ते फार आवडायचं, का खोटं बोलू?

सगळ्यांत रंगायची ती वाटीची गोष्ट. तिकडे खालच्या मजल्यावर एर्ना नावाची विधवा बाई राहायची. गेल्या गेल्या मी तिला वाटीभर शिरा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली — लख्ख घासलेली आणि रिकामी! आपल्याकडे कुणी असं करेल का? निदान चिमूटभर साखर तरी घालतो ना? इथवर सगळं खरं होतं. मला तेव्हा रडू आलं होतं, हेही खरं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. महिन्याभरात मला कावीळ झाली. हे दिवसभर कारखान्यात. एर्ना रोज सकाळी बेल वाजवायची, दारातच उभी राहायची, आत येऊ का म्हणून खुणेने विचारायची. मग माझी उशी सारखी करायची, बटाट्याचं पातळ सूप चमच्याने भरवायची. तीन आठवडे. घरात पाऊल टाकण्याआधी मला कुणी विचारतंय, याचंसुद्धा मला अप्रूप वाटायचं.

हे मी मुलुंडला सांगितलं का? नाही. हशा वाटीपाशी यायचा, म्हणून मी तिथेच थांबायचे. आणि एकदा कुणीतरी विचारलं, आजारी पडलं तर काय गं करतात तिकडे? — मी म्हणाले, करणार काय? मी काविळीने पडले होते, कुणी ढुंकून बघितलं नाही. बायका हळहळल्या. एरवी चार हात लांब असणाऱ्या सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या हाताची गोडी लागली.

शैला, माझी नणंद, तेव्हा बावीसची. त्याच वर्षी तिला स्थळ आलं — मुलगा जर्मनीत नोकरीला. दोघं दोनदा भेटले. तिला तो आवडला होता. मला सांगताना लाजली होती. हे तेव्हा कामाने बडोद्याला होते, नाहीतर माझं पितळ उघडं पडलं असतं. ज्या दिवशी उत्तर कळवायचं, त्या सकाळी आम्ही दोघी गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या उलटत होतो. आत सासूबाई भाजी निवडत होत्या. शैला हळूच म्हणाली, "वहिनी, खरं सांग हं. तू आजारी होतीस तेव्हा खरंच कुणी आलं नव्हतं?"

एर्नाचं नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. पण — आत सासूबाईंचा हात थांबल्यासारखा वाटला मला.

"नाही गं. कुणीसुद्धा नाही."

तिने नकार कळवला. घरात एवढंच सांगितलं, मुलगा पसंत नाही.

पुढे ती लग्न होऊन चारकोपला गेली. नवरा भला माणूस, मुलगी गोड. रविवारी येते, आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसतो. माझंही छान चाललंय, तक्रार करावी असं काही नाही. म्हणून का ते खोटं लहान होतं? त्या मुलाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मीही विचारलं नाही — विचारणार कुठल्या तोंडाने?

यंदा भाऊबीजेला आली तेव्हा तिने माझ्यासाठी साडी आणली. मोरपंखी, बारीक काठाची. म्हणाली, "वहिनी, तू होतीस म्हणून वाचले गं. नाहीतर पडले असते तिकडे एकटी."

मी घडी मोडली, पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं. रंग मला शोभत होता. "छान आहे गं," म्हटलं — आणि ठेवून घेतली.